साडेपाच म्हणजे साडेपाच

आमच्या पदभ्रमण मंडळाची बस स्वारगेटहून पहाटे साडेपाचला निघेल, असे आठवडाभर आधी सर्वांना कळवलेले असते, आणि तरीही गेल्या रविवारी तोरण्याला जाताना ती सात वाजून दहा मिनिटांनी हलली. 'पाच मिनिटांत पोहोचतो' असे फोनवर सांगणारे तिघे तेव्हा घरातूनही निघालेले नव्हते, याची मला अजून चीड येते. तोरणा म्हणजे पर्वतीची टेकडी नव्हे; १,४०३ मीटर उंचीच्या या गडाची वेल्ह्याकडची वाट उघड्या सोंडेवरून चढते, तिथे सावली फारशी नाही, आणि ऑक्टोबरच्या उन्हाने कातळ तापण्याआधी बिनी दरवाजा गाठता यावा म्हणूनच ही वेळ ठरवलेली असते. उशिरा आलेले तरुण सभासद झपाझप पुढे निघून जातात. सव्वापाचपासून रस्त्यावर ताटकळलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या काकूंना मात्र भर उन्हात चढावे लागते. त्या अर्ध्या वाटेवरूनच परतल्या. झुंजार माची पाहायची म्हणून त्या महिनाभर रोज तळजाई चढत होत्या! पुढच्या वेळी जो आला नसेल त्याला सोडून बस साडेपाचला निघावी, असे मी मंडळाला लेखी कळवले आहे.