न हलणारा काटा

कात्रजच्या चढाला भरलेली रिक्षा मागून हॉर्न मारते, तेव्हा आपल्या डिझेल गाडीचा पिकअप गेलाय हे कळायला इंजिनिअर लागत नाही. सर्व्हिस सेंटरला मात्र लागतो, आणि तो काहीही न मोजता सेन्सर बदलतो. मग दुसरा सेन्सर. मग म्हणतो, "आता टर्बोच टाकू." म्हटलं, थांबा, मीच मोजतो. एक्झॉस्टला बॅक प्रेशर गेज लावायचा.

मिस्त्रीला भोक इंजिनालगतच्या धुराच्या पाइपाला, म्हणजे मॅनिफोल्डलाच पाडायचं होतं, कारण तिथं हात पोचतो. पण टर्बो धुराच्या जोरावरच फिरतो, त्याच्या आधी दाब मुळातच जास्त, १५ पीएसआयचा काटा चढावर कुठल्या कुठे जायचा. वर ड्रिलचा कीस थेट टर्बोच्या पात्यांत. शेवटी टर्बोनंतर, धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरच्या आधी, गेजच्या नळीसाठी नट वेल्ड करायचं ठरलं. वेल्डिंगनं ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, उडू नये म्हणून बॅटरी सोडवली. सिलिकॉनची नळी वितळू नये म्हणून आधी तांब्याच्या नळीची वेटोळी.

पुण्यात बंद गाडीला धक्का मारायला माणूस मिळत नाही, पण उघडं बॉनेट दिसलं की अध्यक्षांसकट सभा भरते. आमचे अध्यक्ष स्कूटरचं ऑइल बदलायला आले होते.

"काय लावताय हो?"

"गेज. धूर बाहेर पडताना किती दाब तुंबतो ते दाखवतो, काका."

"किती दाखवायला हवा?"

"नुसत्या चालू गाडीला जवळजवळ शून्य."

"म्हणजे काटा हलला नाही तर गाडी चांगली?"

"हो."

"आणि त्याचे पैसे दिलेत?" काकांनी गेज हातात घेऊन उलटासुलटा केला. "आमच्या हॉलमध्ये घड्याळ आहे. कित्येक वर्षं दहा वीसला उभं आहे. घेऊन जा, लावा. गाडीची तब्येत कायम ठणठणीत."

मिस्त्री वेल्डिंगचा चष्मा वर करून हसला. पैसे मी देणार होतो, आणि हा हसतोय काकांच्या विनोदाला!

गाडी सुरू केली. काटा शून्यावर. जागेवर रेस केली, जेमतेम थरथरला. "बघा!" काका म्हणाले. टर्बो डिझेलला लोड आल्याशिवाय खरा आकडा दिसत नाही, हे मी सांगत होतो, तोवर ते हेल्मेटसकट पुढच्या सीटवर बसलेही होते. "चला मग चढावर."

घाटात तिसरा गिअर, ॲक्सिलरेटर पूर्ण खाली. काटा सरकत सहावर गेला, असं मला वाटतं. मध्ये हेल्मेट होतं. दोन-तीनच्या आत असता तर चाललं असतं. कन्व्हर्टर चोक. सेन्सर बिचारे निर्दोष होते, दोन्ही.

काकांनी फोन लावला. "अगं, उशीर होईल. एकाच्या गाडीचा फॉल्ट काढून दिला. नाही गं, त्याला कुठलं कळतंय, तो काटे लावत बसला होता."

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला सेन्सरचे पैसे मागितले. इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाहीत म्हणे. आणि बाहेर वेल्डिंग केलंत, म्हणून वॉरंटीही गेली.