१९६५ चा प्रोग्रामा १०१ राहून गेला

लेख आवडला, पण टेबलावरच्या संगणकाची गोष्ट तुम्ही १९७७ च्या ॲपल टूपासून सुरू केलीत, ते काही पटलं नाही. त्याच्या बारा वर्षं आधी इटलीतल्या ऑलिव्हेट्टी कंपनीने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात 'प्रोग्रामा १०१' हा टेबलावर मावणारा संगणक मांडला होता. किंमत ३,२०० डॉलर. संगणक म्हणजे खोलीभर कपाटं, असा तो काळ! कंपनीचे अभियंते पियेर जॉर्जो पेरोत्तो आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी तो घडवला, तेही कंपनीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या हाती जात असताना.

मला सगळ्यात भावते ती त्याची मेमरी. चिप एकही नाही, नुसतं तारेचं वेटोळं. तारेच्या एका टोकाला हलकासा पीळ द्यायचा, तो तरंग धावत दुसऱ्या टोकाला पोचला की टिपायचा आणि पुन्हा पहिल्या टोकाला सोडायचा. तरंग फिरत राहील तोवर आकडा लक्षात! अशी सगळी मिळून जेमतेम २४० बाइट. प्रोग्राम चुंबकीय कार्डावर उतरवून ठेवायचा. ते कार्ड आत सरकवलं की प्रोग्रामिंग न येणाराही कामाला लागे.

पडदा नव्हता, उत्तर कागदी पट्टीवर छापून येई. नासाने अपोलो ११ या चंद्रमोहिमेच्या आकडेमोडीसाठी ही यंत्रं वापरली. याला नुसता कॅल्क्युलेटर म्हणणारे बरेच भेटतात. पण अट तपासून पुढची पायरी बदलणारा प्रोग्राम ज्यात लिहिता येतो, त्याला मी तरी संगणकच म्हणेन. पुढच्या भागात निदान एक परिच्छेद पेरोत्तोंना द्याच.