तीन कॅरेटचं भाडं

माझी सायकल साडेआठ किलोची. द्राक्षानं भरलेलं प्लास्टिकचं कॅरेट वीस किलोच्या आसपास. तरी गेल्या रविवारी एका छोटा हत्तीवाल्यानं माझ्याकडून सायकलीचं तीन कॅरेटचं भाडं घेतलं. माझं स्वतःचं मात्र काहीच घेतलं नाही. ‘तुमचं काय, बसा की म्होरं.’ मी वजनाचा हिशेब मांडून वाद घातला. तो शांतपणे म्हणाला, ‘कॅरेटवर कॅरेट बसतंय. तुमच्या सायकलीवर काय ठिवू?’ याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही, म्हणूनच राग जात नाही.

कारण एवढंसं, एक सराटा. तुळजापूरचा घाट उतरायचा, तामलवाडीच्या बाजूनं काटी-सावरगावच्या पट्ट्यात शिरायचं आणि ऊन चढायच्या आत घाट चढून परत यायचं, हा फेब्रुवारीतला नेम. बालाघाटाच्या कडेचे उघडे माळ, मध्येच द्राक्षाचा हिरवा मांडव, त्यावर पाखरांसाठी ओढलेली जाळी, पुढं बेदाण्याचं शेड. इटलीत तुस्कनीच्या टेकड्यांमधून, द्राक्षबागांच्या मधल्या पांढऱ्या मुरमाड रस्त्यांवरून ‘स्त्रादे बियांके’ नावाची सायकल शर्यत २००७ पासून होते. सिएना शहराच्या चौकात ती संपते. त्या रस्त्यांची धूळ खायला जगभरातून हौशी लोक विमानाचं तिकीट काढून जातात. आपल्याकडं तीच धूळ फुकट मिळते, वर उसाची मळी.

सराट्याचा वेल जमिनीला चिकटून वाढतो. फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन दणकट काटे असतात. कसाही पडू द्या, एक काटा आभाळाकडं तोंड करून बसणारच. आता हा वाढतो कुठं, तर साईडपट्टीवर. आणि मी साईडपट्टीवर कशाला जातो? हौस म्हणून नाही. मागून उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर येतो. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, लाल पट्टी नाही आणि ट्रॅक्टरवर लावलेल्या गाण्यांच्या आवाजात ड्रायव्हरला हॉर्नसुद्धा ऐकू जात नाही. त्याला वाट देण्यासाठी डांबरावरून खाली उतरावं, तर कड चार बोटं उंच आणि खाली सराटा. साईडपट्टी मुरूम टाकून डांबराच्या बरोबरीला आणायची असते. ते काम कागदावर दर वर्षी होतं म्हणतात. कागदावर सायकल चालवली असती तर पंक्चर झाली नसती हे खरं.

पंक्चर काढणं हे तसं दहा मिनिटांचं काम. टायर बसवतानाच त्यावर छापलेलं नाव वॉल्वच्या समोर आणून ठेवायचं. मग ट्यूबला भोक सापडलं की ते वॉल्वपासून किती वीत लांब आहे ते मोजून टायरमधली काट्याची जागा धरता येते. भोकं दोन असतील आणि शेजारीशेजारी समांतर असतील, तर काट्याला शिव्या देऊ नयेत. हवा कमी होती, खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली. एकच भोक असेल तर काटा. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून रुमाल फिरवायचा, म्हणजे काट्याला धागा अडकतो. सराट्याचा काटा रबरात मोडून बसलेला असतो, बाहेरून दिसत नाही. हवा भरून सायकलीवर वजन पडलं की मगच आत टोचतो. म्हणून रुमाल फिरवायचाच.

मी फिरवला नाही. कारण रुमाल काढला आणि आबा आले.

आबा कोणाचे ते माहीत नाही. पांढरं धोतर, डोक्याला टॉवेल, हातात बागेतली छाटणीची कात्री. बांधावरून उतरून ते माझ्यासमोर उकिडवे बसले. पहिली पाच मिनिटं काही बोलले नाहीत. नाटकाला बसल्यासारखे बसले. मी टायर लिव्हर लावला, ट्यूब ओढली, नवी ट्यूब घातली. मग त्यांनी सीटकडं बोट केलं.

‘शीट मधून फाटलीय की.’

मधली फट मुद्दाम ठेवलेली असते, नाजूक जागी दाब पडू नये म्हणून, हे मी त्यांना सांगितलं. ते माझ्या चड्डीकडं बघत राहिले. तिला आतून स्पंजाची गादी असते. त्यांनी अंदाज घेतला असावा.

‘किती दिस झालं?’

‘कशाला?’

‘शुगरला.’

‘शुगर नाही मला आबा.’

‘डॉक्टरनं सायकल सांगितली आसंल ना पण?’

‘नाही हो. आवड म्हणून चालवतो.’

आबांनी मान हलवली. खोटं बोलणाऱ्या पोराला बाप समजून घेतो तशी. ‘आमच्या थोरल्या सुनंचा भाऊ बी पयल्यांदा न्हाईच म्हनला. मग पाय बधिर झाला.’ त्यानंतर कारल्याचा रस कधी प्यायचा (उपाशीपोटी), किती (अर्धा कप), मेथी कशी भिजवायची (रात्रभर) हे सगळं झालं. मी तोवर पंप मारत होतो. २५ मिलिमीटर रुंदीचा टायर, मला ८५ पीएसआय इतका हवेचा दाब लागतो. खिशातल्या पंपानं अडीचशे झटके. पहिले शंभर सोपे जातात, शेवटच्या पन्नासांना दंड थरथरतात. आबा मोजत होते. एकशेचाळीसला म्हणाले, ‘घाम लई येतोय. शुगरच हाय.’

विषय बदलावा म्हणून मी फुशारकी मारली. म्हटलं, आबा, परदेशात लोक असेच द्राक्षबागांमधून सायकलीवर हिंडतात, मध्ये थांबून वाईन पितात.

‘पिऊन सायकल चालवत्यात?’

‘थोडीशी पितात हो. चाखायला.’

‘मंग पंक्चर कोन काढतंय?’

यालाही माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण वाईन म्हटल्यावर आबा खुलले. त्यांच्या पाहुण्यांनी पूर्वी वाईनची द्राक्षं लावली होती. ‘लिंबोळीयेवढं मणी, कातडं जाड, आत बी. गोडी बावीस-चोवीस भरली तर घेतू म्हनलं. भरली. तरी न्हाई घेतली.’ आता यातली मेख अशी, की खायच्या द्राक्षाला सोळा-अठरा ब्रिक्सची (ब्रिक्स म्हणजे गोडी मोजायचं माप) गोडी पुरते, मणी मोठे हवेत, बी नको. दलालानं भाव पाडला तरी चार पैसे येतात, आणि अगदी कोणीच घेतलं नाही तर चार किलोचा एक किलो बेदाणा होतो. वाईनच्या द्राक्षाला असली पळवाट नाही. बाजारात कोणी खाणार नाही, बी असल्यानं बेदाणा चालणार नाही. एका गिऱ्हाइकानं पाठ फिरवली की मांडव नुसता उभा. २००८ च्या मंदीनंतर नाशिककडंही अनेकांनी अशा बागा तोडल्या. ‘पाव्हण्यानं कुऱ्हाड घातली बुडात,’ आबा म्हणाले, आणि हातातली कात्री उगीच दोनदा उघडून मिटली. तेवढा वेळ मात्र त्यांना माझी शुगर आठवली नाही.

मी सायकल उचलली, राम राम केला आणि निघालो. तीनशे मीटर. परत फुस्स.

बूट असे की तळाला पेडलमध्ये अडकणारं क्लीट, त्यामुळं चालताना टाचेवर बदकासारखं डुलत यावं लागतं. तसा डुलत परत आलो. आबा तिथंच बसलेले. त्यांनी काही न बोलता टायर हातात घेतला, आतून अंगठ्याचं नख फिरवलं आणि कात्रीच्या टोकानं तांदळाच्या कणीएवढा काटा काढून माझ्या तळहातावर ठेवला. सहा सेकंद लागले असतील.

दुसरी नवी ट्यूब नव्हती. पॅच होते, पॉलिश पेपर होता. पॅच चिकटवायच्या सोल्युशनची ट्यूब उघडली तर आत वाळकं रबर. एकदा टोपी फोडली की ती काही महिन्यांत वाळते, कितीही घट्ट लावा. म्हणून न फोडलेली लहान ट्यूब ठेवावी आणि वर्षाला बदलावी. हे मी चार जणांना शिकवलेलं आहे. आबांनी रस्त्यानं जाणारा छोटा हत्ती थांबवला आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, ‘फाट्यावर सोड ह्येंला. शुगरचं पेशंट हाईत.’

फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडं सोल्युशन होतं. त्यानं ते लावून लगेच ओल्यावरच पॅच चिकटवला. खरं तर पाच मिनिटं थांबायचं असतं. चमक जाऊन ते मंद दिसू लागलं, बोटाला चिकटेनासं झालं, की मग पॅच दाबायचा. वर पॅच होता मोटारसायकलचा, तळहाताएवढा. माझी ट्यूब दोन बोटं रुंद, तिला तो भाकरीसारखा गुंडाळून बसला. मग हवेचं नोझल लावायला गेला तर बसेना. माझ्या ट्यूबला प्रेस्टा जातीचा वॉल्व, तो बारीक असतो. टोकाची छोटी चकती सैल करून, एकदा दाबून मग हवा जाते, आणि मोटारसायकलच्या नोझलला मध्ये बोराच्या बीएवढी पितळी टोपी लागते. ती टोपी मी नेहमी जवळ बाळगतो. दुसऱ्या पिशवीत. घरी.

‘ह्येला वॉलच न्हाई,’ पंक्चरवाल्यानं निकाल दिला आणि कॉम्प्रेसर बंद केला. मी खिशातला पंप लावला. सत्तर झटक्यांत भाकरी सुटली.

म्हणून पुढं तुळजापूरपर्यंत तोच टेम्पो. सायकल कॅरेटांवर आडवी, चेनचं तेल वरच्या कॅरेटच्या कागदावर, मी पुढं ड्रायव्हरशेजारी. घाट चढताना त्यानं पहिला गिअर टाकला आणि माझ्याकडं वळून आस्थेनं विचारलं, ‘गोळी चालू हाय का इन्सुलिन?’

घरी आल्यावर टायर बदलले. आता २८ चे आहेत, सत्तर पीएसआय आणि आत भोक बुजवणारं सीलंट. पितळी टोपी थेट पंपालाच दोऱ्यानं बांधलीय. मंगळवारी सकाळी कोणाला न सांगता लॅबमध्ये जाऊन उपाशीपोटीची शुगरही तपासून आलो. ९४ आली. रिपोर्टची घडी सीटखालच्या पिशवीत, सोल्युशनच्या ट्यूबशेजारी ठेवलीय. येत्या रविवारी त्याच रस्त्यानं जायचंय.