हात कुणाचे, सूर कुणाचे

चित्रपटांतल्या पियानोवादनावरच्या एका लेखात 'अ साँग टू रिमेंबर' (1945) मधलं संगीतकार शोपँचं पियानोसंगीत त्याची भूमिका करणाऱ्या कॉर्नेल वाइल्ड या नटानेच वाजवल्यासारखं लिहिलंय. वाजवणारा पियानोवादक होझे इतुर्बी, आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही! पद्धत आपल्या प्लेबॅकचीच: आधी ध्वनिमुद्रण, मग सेटवर ते वाजत असताना नटाने हात हलवायचे. 'साँग ऑफ लव्ह' (1947) मध्ये नटी कॅथरिन हेपबर्नसाठी पियानोवादक आर्थर रुबिनस्टाईनने असंच वाजवलंय.

फरक ओळखायचा तर शोपँच्या ए-फ्लॅट पोलोनेझ (ओपस 53) या पियानोरचनेचा मधला भाग बघा. तिथे डाव्या हाताला चार उतरत्या स्वरांचे ऑक्टेव्ह (एकच स्वर दोन सप्तकांत एकदम) सतत, वेगात वाजवायचे असतात. मुरलेला वादक मनगट सैल ठेवून ते काढतो. खांदा आणि कोपरापासून जोर लावला तर हात लगेच भरून येतो. नट नेमके खांद्यापासून हलतात, म्हणून कॅमेरा एक तर चेहऱ्यावर राहतो किंवा फक्त हातांवर. चेहरा आणि पट्ट्या एकाच शॉटमध्ये, न कापता दिसल्या तरच विश्वास ठेवावा.

त्यासाठी ऑस्कर लेव्हंट पाहाच. 'अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस' (1951) मध्ये संगीतकार गर्श्विनच्या कॉन्चेर्टो इन एफ या पियानो-वाद्यवृंद रचनेचा तिसरा भाग आहे. पियानोवादक तोच, कंडक्टरही तोच, टाळ्या वाजवणारा श्रोताही तोच. आणि लेव्हंट स्वतःच पियानिस्ट, त्यामुळे बोटं खरी.