जातोय तर जाऊ दे की!

रूममेट रात्री साडेअकराला दारात घुटमळत "अरे, एक बोलायचं होतं" म्हणाला, की समजून जावं: स्वारी निघाली. चांगली बातमी कुणी एवढी प्रस्तावना करून सांगत नाही. कारण काहीही असेल. दुसरीकडे नोकरी लागली असेल, लग्न ठरलं असेल, नाहीतर तुमचं घोरणं असह्य झालं असेल. करार बारा महिन्यांचा आहे आणि आत्ता कुठे पाचवा संपतोय, हे तोंडाशी आलं तरी गिळून टाका. तुम्ही एवढंच म्हणायचं, "अरे वा! अभिनंदन! काळजी कसली करतोस, आपण बघू काय ते." या वाक्यातल्या 'आपण' या शब्दाचा अर्थ पुढचे सात महिने 'तुम्ही' असा होणार आहे. पण ऐन आनंदाच्या वेळी व्याकरण कशाला काढायचं?

भाडेकरार शोधायच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. संपलेले सेल आणि कुठल्या कुलपाची ते कुणालाच ठाऊक नसलेली किल्ली ज्या खणात असते, त्याच खणात तोही असतो. सापडला तर वाचावा लागेल. वाचलात, तर त्यात 'सर्व भाडेकरू संयुक्तपणे व स्वतंत्रपणे जबाबदार राहतील' अशा थाटाचं एखादं वाक्य निघण्याची दाट शक्यता आहे. सही करताना ते निव्वळ शोभेचं वाटलं होतं. त्याचा सरळ अर्थ असा, की मालकाच्या लेखी तुम्ही तिघं म्हणजे तीन माणसं नाहीच, एकच खिसा आहात. एकाने हात वर केले तर मालक उरलेल्यांपैकी कुणालाही धरून सगळंच्या सगळं भाडं मागू शकतो. तुमच्या आपापसातल्या वाट्यांशी त्याला काही कर्तव्य नाही. एवढं कळल्यावर झोप कुणाला लागणार? खण बंदच बरा. (काही भाग्यवंतांचा ज्याच्या-त्याच्या खोलीपुरता वेगळा करार असतो. त्यांनी हे वाचण्यात वेळ घालवू नये.)

हिशेबसुद्धा टाळावा. तिघांत तुमचा वाटा ३३ टक्के होता, दोघांत ५० झाला. ऐकायला फरक जेमतेम १७चा. खिशातून मात्र दीडपट जातं.

घरमालकाला सुगावा लागता कामा नये. त्याला सांगितलंत तर तो नोटीस किती दिवसांची, लॉक-इन (म्हणजे घर सोडता न येण्याची मुदत) कधी संपतं, असलं काहीबाही विचारत बसेल. त्यात माणूस समजूतदार निघाला तर आणखी पंचाईत. नव्या भाडेकरूचं नाव घालून करार बदलेल, जाणाऱ्याला लेखी मोकळं करेल, आणि सगळा मामला चार सह्यांत आटपेल. मग तुम्ही मित्रांना सांगणार काय?

त्यापेक्षा जाणाऱ्याच्या शब्दावर विसंबा. "माझ्या जागी मी माणूस देतो रे," असं तो म्हणालेला असतोच. आणि देतोही. पहिला उमेदवार फक्त रात्री सराव करणारा ढोलकीवाला, दुसरा 'दोनच महिने' राहणारा, तिसरा फोनच न उचलणारा. यातला जो सामान घेऊन आधी पोचेल त्याला गुपचूप ठेवून घ्या. मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवायचा नाही, असं त्या न वाचलेल्या करारात बहुधा लिहिलेलं असतं आणि त्यापायी उरलेल्यांनाही घर सोडावं लागू शकतं. पण मालक आलाच तर "हा माझा चुलतभाऊ" म्हणायचं. माझ्या माहितीतल्या एकाने अशा रीतीने एका वर्षात तीन चुलतभाऊ मिळवले. कायद्याच्या अंगानेही ही रचना मोठी देखणी होते. जो राहतो त्याची सही नाही आणि ज्याची सही आहे तो राहत नाही. दोन्ही बाबतींत बसणारे तुम्ही तेवढे उरता.

आता डिपॉझिट. इथे तुमच्या मैत्रीचा खरा कस लागतो. मालकाकडे डिपॉझिट एकरकमी पडलेलं असतं, आणि अख्खं घर रिकामं होईपर्यंत त्यातला एक तुकडा मोडून द्यायला तो सहसा तयार नसतो. जाणाऱ्याला मात्र त्याचा वाटा निघायच्या दिवशीच हवा असतो, कारण नव्या जागेचं डिपॉझिट भरायचंय. रुक्ष लोक यावर एक तोडगा सांगतात. खोली सगळ्यांनी मिळून पाहायची, फोटो काढायचे, मोडतोडीचे पैसे वळते करायचे आणि उरलेली रक्कम येणाऱ्याने जाणाऱ्याला द्यायची, तीही कागदावर लिहून. शी! ज्याच्याबरोबर एका टूथपेस्टवर दिवस काढले, त्याच्या खोलीत तुम्ही मोबाईल घेऊन भोकं मोजणार? पैसे खुशाल आपल्या खिशातून काढून द्या. "मालकाकडून मिळाले की मी घेईन," असं म्हणत त्याची बॅगही खाली नेऊन ठेवा.

वर्ष संपल्यावर मालक भिंतीपाशी उभा राहून ती भोकं मोजतोच. वापराने आपोआप होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारू नये, हे तत्त्व बहुतेक ठिकाणी मानतात. पण कपाटाचं निखळलेलं दार झिजून निखळलं की कुणी लाथ मारल्याने, ते सांगायला फोटो लागतो. तो तुम्ही काढलेला नाही. भीड ही भिकेची बहीण, असं जुनी माणसं उगाच म्हणत नसत. रिकाम्या झालेल्या खोलीत तुम्ही तिलाच ठेवून घेतलेलं असतं.

वीज, इंटरनेट वगैरे किरकोळ. कनेक्शन त्याच्या नावावर असेल तर एखाद्या दुपारी, ऐन मीटिंगमध्ये, ते बंद पडेल. तेवढीच विश्रांती. तिघांत घेतलेल्या वॉशिंग मशीनचा प्रश्नही आपोआप सुटतो. मशीन तुमच्याकडे राहतं, पाइप त्याच्या सामानात जातो.

आणि हो, संबंध तोडू नका. हिशेबाचा मेसेज पाठवलात तर त्यावर अंगठा येईल, तो प्रेमाने स्वीकारा. मग चारेक महिन्यांनी कधीतरी रात्री साडेअकराला त्याचा फोन येईल. आवाज जुनाच, प्रेमळ. "अरे, एक बोलायचं होतं. इथला मालक जामीनदार मागतोय. नुसती एक सही लागेल. कागद पाठवतो, वाचत बसू नकोस, नेहमीचंच आहे."

पेन त्या खणातच आहे, किल्लीशेजारी.