कौल म्हणजे खेळणं नाही हो!

तैवानमधल्या तैपेईच्या लोंगशान मंदिरात गेलं की दर वेळी डोकं फिरतं. 1738 सालचं देऊळ. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात मुख्य गाभारा उद्ध्वस्त झाला, पण करुणेची देवी ग्वानयिन हिची मूर्ती वाचली. तिच्यापुढे लोक आजही कौल लावतात. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे हातात धरायचे, मनात नाव, पत्ता, जन्मतारीख सांगून प्रश्न विचारायचा, मग ते जमिनीवर टाकायचे. एक सपाट बाजूवर आणि दुसरा फुगीर बाजूवर पडला, तर होकार. आणि पर्यटक? रीलसाठी तेच तुकडे उडवत खिदळतात! शेजारी एखादी आजी डोळे मिटून काहीतरी मागत असते, तिच्या तोंडासमोर मोबाइल धरतात. अरे, विचारा तरी तिला!

वर उंबऱ्यावर उभं राहून फोटो. उंबरा ओलांडायचा असतो, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. देवळाकडे तोंड केलं की उजवीकडच्या ड्रॅगनदारातून आत जायचं आणि डावीकडच्या व्याघ्रदारातून बाहेर पडायचं. इतकं सोपं आहे, तरी झुंडीच्या झुंडी उलट्या घुसतात. कोकणात कौल चालू असताना असा धिंगाणा घातला असता, तर गुरवाने तिथल्या तिथे हाकललं असतं!