"अफगाण लोकांनाच मुली शिकायला नकोत" हे खरं नाहीये

ऑक्टोबर २०२५ मधे तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी दिल्लीला आले, त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना घेतलंच नाही, त्यावरून बराच गदारोळ झाला आणि तेव्हापासून एक मेसेज फिरतोय जो मला आत्तापर्यंत चार जणांनी पाठवलाय, त्यातले दोघं घरचेच. मेसेज थोडक्यात असा: मुलींना शिकवायचं नाही ही अफगाण लोकांचीच इच्छा आहे, त्यांची संस्कृती आणि धर्म तसा आहे, बंदी (तालिबानने सहावीच्या पुढे मुलींच्या शाळा आणि युनिव्हर्सिटी बंद केल्यात, ती) तात्पुरती आहे, ऑगस्ट २०२१ मधे तालिबान आल्यापासून तिथे शांतता आहे, आणि मानवाधिकार वगैरे पाश्चात्त्यांचं खूळ, आपण कशाला मधे पडायचं. पाठवणारी माणसं वाईट नाहीत, म्हणूनच नुसतं "फेक आहे" म्हणून सोडून देत नाही, एकेक मुद्दा घेते.

सगळ्यात मोठा मुद्दा लोकांच्या इच्छेचा. संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाने २०२५ मधे अफगाणिस्तानात घरोघरी जाऊन दोन हजारांपेक्षा जास्त लोकांना विचारलं, मुलींनी प्राथमिकनंतर पुढे शिकणं महत्त्वाचं वाटतं का, तर ९२ टक्के लोक हो म्हणाले. आणि हे फक्त काबूलच्या शिकलेल्या घरांचं मत नाहीये, खेड्यातल्या पुरुषांमधे पण ८७ टक्के. आता कोणी म्हणेल सर्वेचं काय, कोणीही काहीही बोलतं, तर मग लोकांनी प्रत्यक्ष काय केलं ते बघा. सप्टेंबर २०२२ मधे पक्तिया प्रांतात, म्हणजे पश्तून टोळ्यांच्या अगदी पारंपरिक भागात, गावच्या वडीलधाऱ्यांनी आणि मुख्याध्यापकांनी मिळून मोठ्या मुलींच्या चार-पाच शाळा उघडल्या, मुली दप्तरं घेऊन आल्या पण, आणि तालिबानने काही दिवसांतच त्या बंद केल्या. त्यावर तिथल्याच गार्देझ शहरात शाळकरी मुली रस्त्यावर उतरल्या. शाळा उघडणारे दाढीवाले पगडीवाले म्हातारे होते हो, कुठल्या परदेशी संस्थेची माणसं नव्हती.

मतिउल्ला वेसा हे नाव पण लक्षात ठेवा. कंदाहारचा माणूस, म्हणजे जिथे तालिबानचं मूळ आहे तिथलाच. २००९ पासून हा आणि त्याचे साथीदार गावोगाव मोटरसायकलवर पुस्तकं घेऊन फिरायचे, बंद पडलेल्या शाळा सुरू करा म्हणून टोळीप्रमुखांच्या विनवण्या करायचे. मार्च २०२३ मधे त्याला उचललं आणि सात महिने डांबून ठेवलं. काबूलचे प्राध्यापक इस्माईल मशाल यांनी डिसेंबर २०२२ मधे टीव्हीवर स्वतःच्या डिग्र्या फाडल्या, माझी आई बहीण शिकू शकत नसेल तर मला हे शिक्षण मान्य नाही म्हणून, मग हातगाडीवर पुस्तकं ठेवून रस्त्यात फुकट वाटत फिरले, त्यांनाही अटक झाली. लोकांची इच्छाच नसती तर इतक्यांना पकडावं कशाला लागलं असतं? बंदी लागते ती लोकांना जे हवंय त्यावरच.

संस्कृतीबद्दल. काबूलमधे मुलींची पहिली शाळा अफगाणिस्तानच्याच राणी सोरायाच्या पुढाकाराने १९२१ मधे निघाली, शंभर वर्षं होऊन गेली. १९६४ च्या राज्यघटनेने बायकांना मतदान दिलं, पुढच्याच वर्षी कुब्रा नूरझई आरोग्यमंत्री झाल्या. त्या वेळी पण विरोध होताच, नाही असं नाही. पण पुण्यात भिडेवाड्यात शिकवणारी बाई जेवढी इथली होती तेवढेच तिच्यावर शेण फेकणारेही इथलेच होते, मग आपण "पुण्याची संस्कृती" म्हणून शेण फेकणाऱ्यांनाच का नाही धरत? अफगाण लोकांच्या बाबतीत मात्र फेकणाऱ्यांची बाजू तेवढी संस्कृती समजायची, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

धर्माचं उत्तर तर स्वतः मुत्तकींनीच दिल्लीत देऊन ठेवलंय. टीका झाल्यावर दोन दिवसांनी दुसरी पत्रकार परिषद घेतली, महिला पत्रकार पुढच्या रांगेत बसल्या होत्या, आणि त्यांनी विचारल्यावर ते म्हणाले की मुलींचं शिक्षण आम्ही हराम ठरवलेलं नाही, पुढच्या आदेशापर्यंत फक्त थांबवलंय. डिसेंबर २०२२ मधे मुलींना युनिव्हर्सिटीचे दरवाजे बंद झाले तेव्हा कैरोच्या अल-अझहर या सुन्नी मुस्लिमांच्या नावाजलेल्या धर्मपीठाच्या प्रमुख इमामांनी हे शरियतच्या विरुद्ध आहे असं जाहीर सांगितलं, सौदी, तुर्कस्तान, कतार सगळ्यांनी नापसंती दाखवली. पन्नासच्या आसपास मुस्लिम देश आहेत, त्यातल्या दुसऱ्या एकाही देशात मोठ्या मुलींच्या शाळेवर अशी सरकारी बंदी नाहीये.

बंदी तात्पुरती आहे म्हणे. २३ मार्च २०२२ ला शाळा उघडणार असं सरकारनेच सांगितलं होतं, मुली युनिफॉर्म घालून गेल्या आणि काही तासांत रडत घरी आल्या. कारण काय तर युनिफॉर्मचा निर्णय व्हायचाय. १९९६ ते २००१ च्या तालिबानच्या पहिल्या राजवटीत पण "परिस्थिती सुधारली की" हेच ऐकवत होते, पाच वर्षं गेली, राजवट गेली, शाळा उघडल्याच नाहीत. युनिसेफच्या हिशोबाने मार्च २०२५ पर्यंत २२ लाख मुली यात अडकल्यात, आणि दरवर्षी सहावी पास होणाऱ्या मुली त्यात वाढतायत. बारा वर्षांची मुलगी होती ती सोळाची झाली, तिला तात्पुरतं म्हणजे काय ते सांगा.

शांततेच्या मुद्द्यात तथ्य आहे, ते मी मान्य करते. लढाई थांबली, बॉम्बस्फोट कमी झाले, रात्री हायवेवरून जाता येतं असं तिथले लोक स्वतः सांगतात, आणि चाळीस वर्षं युद्ध बघितलेल्या माणसाला त्याची किंमत काय असेल ते आपल्याला इथे बसून कळणार नाही. पण त्या शांततेत बाई आजारी पडली तर? काही प्रांतांत तर परक्या पुरुष डॉक्टरकडे तिने जायचंच नाही, म्हणजे बाई डॉक्टरच पाहिजे, आणि डिसेंबर २०२४ मधे नर्सिंग आणि सुईणीचे कोर्स पण मुलींना बंद केले. आज ज्या डॉक्टर, नर्स आहेत त्या म्हाताऱ्या झाल्या की पुढे कोण? ३१ ऑगस्ट २०२५ च्या रात्री कुनार प्रांतात भूकंप झाला, २,२०० च्या वर माणसं गेली, आणि बातम्या अशा आल्या की जखमी बायका ढिगाऱ्याजवळ ताटकळत राहिल्या कारण परक्या पुरुषांनी हात लावायचा नाही आणि मदत पथकात बायका जवळजवळ नव्हत्याच. याला शांतता म्हणताना माझी जीभ अडखळते.

आता शेवटचं, पाश्चात्त्य खूळ आणि आपला संबंध काय. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकारांच्या जाहीरनाम्यात आधी "सर्व पुरुष" असा अर्थ निघेल असे शब्द होते, ते बदलून "सर्व माणसं" करायला लावलं भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी, मुंबई विधान परिषदेतून पुढे आलेल्या. आणि १० डिसेंबर १९४८ ला त्याच्या बाजूने मत देणाऱ्या ४८ देशांमधे अफगाणिस्तान पण होता. म्हणजे शब्द आपल्या बाईचा आणि मत त्यांच्या देशाचं, यात खूळ कोणाचं?

संबंध तर आहेच. पुण्यात वर्षानुवर्षं अफगाण मुलंमुली शिकायला येतात, फर्ग्युसन रोडला, कॅम्पात सहज दिसायची, माझ्या ओळखीत पण होती. त्यातल्या बऱ्याच जणी कोरोनात घरी गेल्या आणि तिकडूनच ऑनलाइन लेक्चर करत होत्या, तेवढ्यात ऑगस्ट २०२१ मधे तालिबान आलं आणि भारताबाहेर असलेल्या अफगाण लोकांचे आधीचे व्हिसा आपल्या सरकारने एका आदेशात रद्द केले. सुरक्षेचं कारण मी समजू शकते, पण अ‍ॅडमिशन आहे, फी भरलीय, स्कॉलरशिप आहे अशा मुलींची तरी वेगळी छाननी करता आली असती. आज दिल्लीत तालिबानच्या मंत्र्यांना व्हिसा मिळतो. ज्या मुलीचं एक सेमिस्टर राहिलंय तिलाही मिळायला हवा, आणि हा मेसेज पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने त्याऐवजी आपल्या खासदाराला हेच लिहावं असं मला मनापासून वाटतं.